गावात शिरलं की थांबतं

९ फेब्रुवारी

कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डाची किंमत पावतीवर आहे. पण ते खरं केवढ्याला पडलं ते इथं लिहितो, कारण पावती बायको बघते, वही बघत नाही.

नव्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरेना, तो बदलला. कार्ड कॅबिनेटमधल्या जागेपेक्षा दोन बोटं लांब निघालं, म्हणून आतला पत्र्याचा पिंजरा हॅकसॉनं कापला. त्यात एक पातं मोडलं आणि अंगठ्याला तीन टाके पडले. माझं मोटर दुरुस्तीचं वर्कशॉप दीड दिवस बंद राहिलं. तेवढ्यात बेकरीवाल्याची मोटर दुसरीकडे गेली आणि तिच्या मागोमाग बेकरीवालाही. शिवाय हिला थाप मारली की कार्डाचे पैसे लेकीनं पाठवलेत. म्हणजे एक पातं, तीन टाके, एक गिऱ्हाईक आणि एक थाप.

सगळं दादासाठी. माझा थोरला भाऊ. चौतीस वर्षं ट्रक चालवला, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतो. नोव्हेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पायात थोडी धुगधुगी आलीय, डावा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असतो. व्यायामवाल्या बाई म्हणतात, "हात मेलेला नाही, रुसलाय. त्याला परत यावंसं वाटेल असं काहीतरी द्या. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं सहज येतं, पुढं फार कष्ट पडतात." तीन महिने गेले. दाबायला रबरी चेंडू दिला, तर दादा तो उजव्या हातानं खिडकीबाहेर टाकतो. नेम धरून.

मग एका गिऱ्हाइकाकडे एक खेळ बघितला. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. खरं स्टीअरिंग टेबलाला आवळायचं, माल भरायचा, शेकडो मैल जायचं. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. घरात लेकीचा अकरा वर्षांचा कॉम्प्युटर पडून होताच. फोनवर ती म्हणाली, "बाबा, प्रोसेसर फार जुना आहे. त्याच्या गळ्यात एवढं मोठं कार्ड..." मी तिला तिथंच तोडलं. चाळीस वर्षं मोटरी भरतोय म्हटलं, यंत्र मला शिकवू नकोस.

हे काही गर्वानं लिहीत नाही, पण खरं आहे ते आहे. जळालेली मोटर मी उघडायच्या आधी ओळखतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आतलं सगळं ऐकू येतं. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. माझी मी शोधली. गुरू नाही, बाप लवकर गेला, हात धरायला कोणी नव्हतं. जे आहे ते या दोन कानांवर उभं केलंय.

११ फेब्रुवारी

आज चालू केलं. लिहायला शब्द जुळवावे लागतायत.

बसवण्याआधी कार्ड भिंगाखाली धरलं होतं. मी जन्मभर तांब्याची तार मोजून गुंडाळली. या खाचेत बावन्न वेढे, त्या खाचेत बावन्न. एक चुकला तर सगळं उलगडायचं. लेक म्हणते, मधल्या त्या दोन नखांएवढ्या चौकोनात दोन हजार कोटींच्या वर स्विच आहेत. मी म्हटलं, तुझ्याकडून दोन-चार शून्यं जास्त पडली. म्हणाली, नाही बाबा. ते ऐकल्यावर कार्डाला हात लावायच्या आधी मी हात धुवून आलो.

आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर उजाडलं. खरंच उजाडलं, दुसरं काय म्हणू? डोंगराच्या कडेनं आधी करडं, मग तांबूस, मग काचेवर ऊन. काचेवर धूळ होती, तिच्यावर ऊन पडलं तसं मी पटकन फडकं घेऊन टीव्ही पुसला. धूळ टीव्हीवर नव्हती, ट्रकवर होती. ही हसून हसून खाली बसली. मग पाऊस आला. थेंब काचेवर पडायचे, वाऱ्यानं वर सरकायचे, वायपर त्यांना ढकलून न्यायचा आणि मागं राहिलेली एक पाण्याची रेघ हळूहळू तुटायची. चौतीस वर्षं दादानं हेच बघितलं असणार. मला आज दिसलं.

दादा नुसता ट्रकच्या आरशात बघत होता, मागून कोण येतंय का.

१४ फेब्रुवारी

बाईंनी डावा हात क्रेप बँडेजनं स्टीअरिंगला सैलसर बांधायला सांगितलाय. गिअर ऑटोमॅटिक करून दिले. दादाचं तोंड वाकडं.

"ऑटो... मॅटिक? मी काय... बाहुली?"

चार शब्द सलग! ही आतून धावत आली. "भाऊजी, काय म्हणालात? परत म्हणा!"

"नाही... म्हणत."

तीन दिवस दादा मोकळ्या रस्त्यानं चालवतोय. घाट, पूल, मैलोन्‌मैल शेतं. कार्ड असं चालतं की पाणी वाहतंय म्हणावं. त्याचे तीन पंखे मंद घुमतात, मोठ्या मांजरासारखे. वळणावर स्टीअरिंग हाताला ओढतं, आणि आज एका उतारावर बँडेजच्या आत डावा अंगठा आवळला गेला. मी पाहिलं. बाईंनी पाहिलं. दादाला कळलंच नाही, तो उतार बघत होता.

बाई जिन्यात मला म्हणाल्या, "हे चालू ठेवा. काहीही करा पण हे थांबू देऊ नका."

१७ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा माल मोठ्या शहरातला होता.

पहिल्याच चौकात चित्र थबकलं. अर्धा सेकंद असेल. मग उडी मारून पुढं. पुन्हा थबकलं. हातातलं थरथरणारं स्टीअरिंगही तेवढा वेळ मेलं आणि हिसका देऊन जागं झालं. चारी बाजूंना गाड्या, सिग्नल, माणसं, आणि आमचा ट्रक अडखळतोय.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्या गमजा मारून बसवलेलं यंत्र आणि पहिल्याच चौकात नाक कापलं. मी म्हटलं, "काही नाही झालं, दादा. चल पुढं."

परत थबकलं. परत त्यानं पाहिलं.

"अरे, कुठं काय? मस्त चाललंय. चल, चल."

दादानं ट्रक कडेला घेतला. उजवा हात उचलून कपाळावर ठेवला, हळूच, ताप बघतात तसा. मग स्वतःच दातांनी बँडेज सोडवायला लागला. दमला असेल. पहिल्यांदाच एवढी गर्दी.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस दादा खुर्चीत बसायला तयार नाही. नको म्हणतो. माझ्या भेटवस्तूत खोट निघाली म्हणून रुसलाय बहुतेक. पहिल्यापासून त्याला निकृष्ट माल खपत नाही. टायर घ्यायचा तर चार दुकानं फिरायचा.

२० फेब्रुवारी

कार्ड काढून दुकानात नेलं. दुकानदाराला मी 'गॅरंटी' म्हणतो, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'त्याची गॅरंटी नाही' असतं.

"कार्ड खराब दिलंस," मी म्हटलं.

त्यानं तिथल्या तिथं ते नव्या मशीनला लावलं, तोच खेळ, तेच शहर. एकदाही अडखळलं नाही.

"कार्ड ठणठणीत आहे, काका. घरचं मशीन म्हातारं आहे. प्रोसेसर बदला. तो बदलला की बोर्ड बदलावा लागेल, बोर्ड बदलला की मेमरी."

"म्हणजे पंपाची मोटर जळली तर विहीर बदला म्हणतोस."

"जुन्यावर चालेल, त्याची गॅरंटी नाही."

"नवं आणतोस तर किती दिवस?"

"तीन आठवडे. त्याचीही..."

"कळलं."

वाया घालवायला तीन आठवडे माझ्याकडं नाहीत. एप्रिल संपला की बाईंचे सहा महिने संपतात.

२२ फेब्रुवारी

दुपारी मीच बसलो. शहरातला तो चौक टीव्हीवर ठेवला, ट्रक उभा केला, कॅबिनेटची बाजू उघडली आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

मला वाटलं होतं, गर्दीत कार्ड बोंबलत असणार. छे! गर्दीत कार्डाचे पंखे थांबतच आले होते. ते आरामात बसलं होतं. किंचाळत होता तो प्रोसेसरवरचा जुना, वाटीएवढा पंखा. मोकळ्या रस्त्यावर ट्रक नेला की उलटं. तिथं कार्ड घुमतं, जुना निवांत.

म्हणजे असं, की कार्ड चित्र काढतं. पण कोणती गाडी कुठं वळणार, कोण ब्रेक मारणार, हे ठरवून सांगायचं काम प्रोसेसरचं. चौकात पन्नास गाड्या आल्या की बिचाऱ्याची त्रेधा उडते आणि दोन हजार कोटी स्विचांचा तो राजा हातात कुंचला धरून त्याची वाट बघत बसतो. वाट बघतो! ओरडत नाही, पुढं जात नाही. जुन्यानं सांगितल्याशिवाय एक रेघ काढत नाही. मी कितीतरी वेळ ते दोन आवाज आळीपाळीनं ऐकत बसलो.

जुन्या पट्ट्यावर दहा हॉर्सपॉवरची मोटर चढवून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तोंडावर हसतो. आता मीच ते गिऱ्हाईक.

खुशीत दादाच्या खोलीत गेलो. "सापडलं रे दादा! नव्याचा काही दोष नाही. म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही. गर्दीत गेलं की त्याला दम लागतो, मग सगळं अडतं!"

दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं. जेवायलाही उठला नाही. कधी कशाचा राग येईल, सांगता येत नाही.

२६ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, अंगठा पुन्हा ढिला पडलाय. "प्रयत्नच करत नाहीत हो. काय झालं?"

काय झालं ते मला माहीत असतं तर.

ही म्हणाली, "कार्डाचे पैसे लेकीनं पाठवले नाहीत हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. रोज बोलते मी तिच्याशी. ते सोडा. भाऊजींना नीट विचारा तरी, काय होतंय."

विचारलं. म्हणाला, "काही... नाही... झालं." माझेच शब्द मला परत.

१ मार्च

सकाळी दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता. पलीकडच्या खोलीत बाई दादाचा पाय वाकवत होत्या. दार लोटलेलं होतं, पण माझ्या कानांना दार नाही.

दादा म्हणत होता, "बाई... मला पुन्हा... येतोय."

"काय येतोय, काका?"

"झटका. बारीक. मधेच... सगळं थांबतं. मग... एकदम पुढं."

बाईंचा आवाज बदलला. "कधीपासून? दिवसातून किती वेळा?"

"गावात... शिरलो की. धाकट्याला... दिसत नाही. त्याला विचारलं... दोनदा. डोळ्यांनी. तो म्हणतो... काही नाही झालं. म्हणजे... माझ्याच... डोक्यात."

"आपण उद्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवू. डोक्याचा फोटो काढून घेऊ."

"नको. त्याला... सांगू नका. त्याला... कळलंय. त्या दिवशी... म्हणाला. म्हाताऱ्याचं... डोकं... चालत नाही."

वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला. बारा दिवस! बारा दिवस माझा भाऊ समजत होता की अडखळतोय तो तोच. आणि मी, यंत्राची लाज झाकायला, त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की काही झालंच नाही.

अर्ध्या गालावर फेस तसाच, मी आत घुसलो. बाई दचकल्या. दादाला खुर्चीसकट ढकलत टीव्हीसमोर आणलं, खेळ चालू केला आणि स्टीअरिंगवर मी बसलो. दादासमोर पहिल्यांदा. त्या शहरात शिरेपर्यंत दोन खांब आणि एक फाटक पाडलं.

"फाटक... होतं ते," दादा म्हणाला.

"गप रे. आता बघ." चौक आला. चित्र थबकलं. "दिसलं? थांबलं की नाही?" पुन्हा थबकलं. "हे बघ दादा, मलाही झटका आला! बाई, तुम्हाला आला का?"

"आला की!" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मलाही आला!"

ही स्वयंपाकघरातून आली. "काय हे अभद्र बोलणं!" तेवढ्यात परत थबकलं. "अगंबाई, थांबलं."

"हिलाही आला!" मी ओरडलो. "दादा, घरातल्या सगळ्यांना झटका आलाय! अरे, म्हातारा म्हणजे हा!" आणि कॅबिनेटवर अशी थाप मारली की टाक्यांच्या जागी कळ गेली. "प्रोसेसर! लेकीचा! अकरा वर्षांचा! तू नाही!"

दादा टीव्हीकडं बघत राहिला. थबकलं, सुटलं, थबकलं. प्रत्येक वेळी तो बोटानं दाखवायचा आणि आमच्याकडं बघायचा. आम्ही तिघं मान डोलवायचो. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. मग त्याचा उजवा गाल हलला. मग डावा, अर्धा. मग आवाज आला. नोव्हेंबरपासून न ऐकलेला तो आवाज, ट्रकच्या केबिनमधून गल्लीच्या टोकापर्यंत यायचा तो. दादा हसत होता.

"अर्धी दाढी घेऊन काय नाचताय," ही म्हणाली आणि आत निघून गेली. नळ उगाचच सोडून ठेवला. पण मला नळाखालचंही ऐकू येतं.

२ मार्च

लेकीला फोन लावून म्हटलं, चुकलो, बोल. तीन आठवड्यांपूर्वी अर्धवट तोडलेलं वाक्य तिनं पुरं केलं. टोमणा एकच मारला, तोही गोडसा. "कान तीक्ष्ण आहेत बाबा, पण फोनवर झोपतात का?"

मग तिनं उपाय सांगितला, आणि मी थक्क झालो. मला वाटलं होतं, चित्र साधं करावं लागेल. ती म्हणाली, उलट. "कार्ड रिकामं बसलंय ना? मग त्याला काम दे. पानं, ढग, पाण्यावरची चमक, चित्राचा बारकावा, सगळं शेवटपर्यंत वर ने. ते फुकट आहे. कमी करायच्या त्या रस्त्यावरच्या गाड्या, कारण प्रत्येक गाडीचा विचार प्रोसेसरला करावा लागतो. आणि सेकंदाला तीसच चित्रं माग. त्याला झेपेल तेवढंच, पण एका लयीत."

तसं केलं. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. जुना पंखा खाली आला, नवे पंखे वर आले, आणि दोघं एका सुरात घुमायला लागले. मी उघड्या कॅबिनेटसमोर हात जोडले. कोणाला जोडले ते ठाऊक नाही.

मग दादा शहरात शिरला. रस्ते जवळजवळ मोकळे, एखाददुसरी गाडी. पण शहर असं की बघत राहावं. नुकताच पाऊस थांबलेला. दिव्यांची लाल-पिवळी प्रतिबिंबं डांबरावर लांबवर ओघळलेली. चाकं त्यांच्यावरून गेली की ती मोडायची आणि मागच्या आरशात पुन्हा सांधायची. झाडाच्या एकेका पानावर पाणी. ही चमचा हातात घेऊन उभी राहिली ती तशीच. शेजारची बाई वाटी परत करायला आली होती, तीही वाटीसकट.

चौक आला. दादाचे खांदे ताठ झाले.

चौक गेला.

पुढचाही गेला. पुलावर दादानं वेग कमी केला. कशासाठी ते मला कळलं नाही. मग दिसलं की खाली नदी होती आणि त्याला ती बघायची होती.

१६ मार्च

पंधरा दिवसांत चार बोटं हलायला लागली. बाई आता बँडेज बांधत नाहीत. डावा हात स्टीअरिंगवर आपला आपण बसतो, वळणावर सुटतो, परत येऊन बसतो. बेकरीवालाही परत आला. त्यालाही कोणीतरी 'विहीर बदला' म्हणालं असणार. नव्या प्रोसेसरचं मी दुकानदार 'गॅरंटी'ला नको म्हणून कळवलं.

आज दुपारी कॅबिनेटमधून एक नवीन खरखर यायला लागली. मी दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "कार्डाच्या पंख्याचं बेअरिंग गेलं."

दादानं मान हलवली. "नाही."

"अरे, चाळीस वर्षं..."

"दे," म्हणाला. माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यानं मागितला. मी दिला, उजव्या हातात. त्यानं तो डाव्यात घेतला. टोक कॅबिनेटला टेकवलं. मूठ वर चढता चढता थरथरली, एकदा गालाला लागली, मग कानामागच्या हाडाला बरोबर जाऊन बसली. दादानं डोळे मिटले.

"पत्रा," तो म्हणाला. "तू कापलेला. धार... थरथरते."

बोट लावून बघितलं. खरखर थांबली. माझ्याच हॅकसॉची करामत होती.

दादानं डोळे उघडले नाहीत. "बॉनेटवर... उभा केला होता तुला," म्हणाला. "लाकडी मुठीचा... होता. आठवतं?"

आठवतं. मी अकरा वर्षांचा होतो. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायला मला दादानं शिकवलं.